दोन्ही बाजूंनी नक्षी

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
सोमवार

प्रिय मानसी,

डबी आधी उघडली असशील तर ती तशीच उघडी राहू दे. त्यातले कफाचे एक बटण तळहातावर घे आणि मग पुढे वाच. पॉलिटेक्निकमध्ये सारी नोकरी मी वस्तू समोर ठेवूनच शिकवले. आता पत्रात ती सवय कशी सुटणार?

एक गोष्ट तुझ्याही ध्यानात आली असेल. आपल्या जावईबापूंच्या, परागच्या, कफलिंक्सना एकच तोंड आहे. बाहेर चकाकणारा चौकोन आणि आत एक साधी दांडी. आपल्या घरच्या या जोडीला मात्र दोन तोंडे आहेत आणि त्यांना जोडणारी छोटी साखळी. बाहेरच्या लंबगोल पत्रीवर जी वेल कोरली आहे, तीच वेल तितक्याच निगुतीने आतल्या पत्रीवरही आहे. आता आतली बाजू अंगाकडे वळलेली असते. ती पाहणार कोण? सोने काही फुकट मिळत नव्हते आणि नागपूरचे सोनार काही वेडे नव्हते. मग न दिसणाऱ्या बाजूवर एवढी मेहनत कशासाठी?

उत्तर देतो, पण टप्प्याटप्प्याने. त्याआधी तुझ्या निरोपाबद्दल. तू लिहिलेस, ‘बाबा, आजोबांचे कफलिंक्स पाठवा ना, परागच्या भावाच्या रिसेप्शनला तो घालेल. साखळी फारच झिजलीय, इथला सोनार ती काढून नवी दांडी बसवून देतो म्हणतोय.’ जोडी पाठवली आहे आणि ती आता तुम्हा दोघांचीच. साखळी कापण्यापूर्वी एवढे वाचावे, ही विनंती. आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती फोनवर सांगायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पुण्यातल्या पावसाची चौकशी करून थांबलो. ती तुला आवडणार नाही अशी मला भीती आहे. ती ऐकून तुझे रविवारचे फोन हळूहळू कमी होतील, ही त्याहून मोठी भीती. म्हणून कागद घेतला. कागदाला मधेच तोडता येत नाही.

ही बटणे तुझ्या आजोबांना, काशिनाथरावांना, दिवाळसणात मिळाली. त्यांनी सासऱ्यांकडे मागितली होती सायकल. आजी ही हकिकत जन्मभर सांगत असे आणि शेवटी म्हणत असे, “सायकल दिली असती तर केव्हाच गंजली असती, आणि हे पडले असते ते वेगळंच!” पुढे छप्पन साली राज्याची नवी मांडणी झाली, नागपूरचे सचिवालय फायलींसकट इकडे आले आणि त्याच्यामागून आपल्यासारखी कितीतरी मराठी घरे भोपाळला आली. पहिल्या दिवशी आजोबा दुहेरी कफांचा सदरा आणि सोन्याची बटणे घालून कचेरीत गेले. बाकी सगळे अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात! कोणीतरी विचारले, “काशीबाबू, शादी से आ रहे हो या शादी में जा रहे हो?” तरी त्यांनी बटणे सोडली नाहीत. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर सोमवारी सकाळी तो समारंभ होत असे आणि मी मोरीच्या दाराशी दात घासत तो बघत असे.

आता कोड्याकडे वळू. पहिले कारण रचनेचे आहे. साखळी लवचीक असते. तिला कफाच्या फटीतून निसटू द्यायचे नसेल, तर दोन्ही टोकांना फटीपेक्षा मोठे काहीतरी हवे. म्हणजे दुसरी पत्री ही चैन नाही, ती गरज आहे. दुसरे कारण धातूचे. ही जोडी बावीस कॅरटची आहे, म्हणजे जवळजवळ शुद्ध, आणि म्हणूनच मऊ. फिरणारी दांडी नेमकी जागेवर थांबावी यासाठी आत एक छोटी स्प्रिंग लागते; मऊ सोन्यात बसवलेला तो सांधा थोड्याच दिवसांत सैल पडेल. म्हणून आजचे कारागीर अशा कामासाठी बहुधा अठरा कॅरटचे सोने घेतात. त्यात तांबे-चांदी अधिक, त्यामुळे ते कणखर. साखळीला कणखरपणा लागत नाही. तिला फक्त लोंबायचे असते. तिसरे कारण हालचालीचे. माणूस बोलताना हात उचलतो, तेव्हा क्षणभर आतली पत्रीही दिसते, आणि तो क्षण उघडानागडा दिसू नये अशी जुन्या सोनाराची इच्छा असते.

ही तीनही कारणे बरोबर आहेत. वर्गात मी एवढ्यावरच थांबलो असतो. पण चौथे कारण मला ही जोडी पाहून समजले नाही. ती घालताना समजले. अशी बटणे स्वतःची स्वतःला लावता येत नाहीत. डाव्या कफाचे कसेबसे जमते. उजव्या कफाशी डावा हात एकटाच झगडतो, आणि साखळी ढिली असल्याने एक पत्री आत ढकलावी तोवर दुसरी बाहेर घसरते. कफात बटण आधीच अडकवून मग हात घालावा, अशी एक युक्ती आहे. ती सडपातळ पंज्याच्या माणसांना साधते. आपल्या घराण्याचे पंजे तू पाहिलेच आहेस! तेव्हा दुसरे माणूस लागते. ते मनगटावर वाकते, पत्री फटीशी समांतर उभी धरते, अंगठ्याने लोटते आणि पलीकडून ओढून घेते. त्या सगळ्या वेळात आतली बाजू त्याच्या डोळ्यांसमोर असते. ती नक्षी लावणाऱ्यासाठी आहे, मानसी.

आजी हे काम अंबाड्यातल्या आकड्याने करायची. तुझ्या आईने आकडा नाकारला. ती नखाने करायची, आणि करताना तोंडात दोन-तीन पिना धरलेल्या असायच्या, कारण तिच्याही साडीची तयारी त्याच वेळी चाललेली असे. त्या पिनांमधून ती बोलायची. “हात सरळ ठेवा हो. तुमच्या पोरांचं ड्रॉइंग नाही हे, खोडून पुन्हा काढायला.” मी मुद्दाम हात हलवायचो. मग ती मनगटावर चापट मारायची आणि पीन माझ्याच सदऱ्याला टोचून ठेवायची. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना, लग्नामुंजींना, तुझ्या पदवीदानाला, प्रत्येक वेळी हे असेच घडले. तुझ्या लग्नात पत्री तिच्या नखातून तीनदा निसटली. मी विचारले तर म्हणाली, “थंडी आहे.” मे महिना होता, भोपाळचा.

ती गेल्यानंतर पहिल्यांदा ही डबी उघडली ती माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला तेव्हा. डावे बटण लावले. उजव्याशी बराच वेळ खटपट केली, शेवटी दातांनीही प्रयत्न केला. शेजारच्या रमेशला हाक मारता आली असती. मारली नाही. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि तसाच गेलो. मुले म्हणाली, “सर आज बड़े यंग लग रहे हैं.” मी हसलो.

दुसऱ्या आठवड्यात जवाहर चौकात जाऊन नवी जोडी घेतली. मला वाटले होते, मन कडू होईल. झाले उलटेच! विक्रेत्याने ती मखमलीवर ठेवली आणि मी चष्मा पुसून अर्धा तास तिथेच बसलो. किती स्वच्छ विचार आहे त्या वस्तूत! पुढे कोणतीही वेलबुट्टी नाही. घासून मंद केलेला सपाट चौकोन आणि फक्त कडेला एक चकचकीत रेघ, म्हणजे डोळा नेमका तिथेच जावा. मागे दांडी. ती सरळ करायची, चारही थरांतून पार लोटायची आणि बोटाच्या टोकाने आडवी फिरवायची. टक्! हा ‘टक्’ मला फार आवडला. जुन्या सोन्यात ऊब असते हे खरे, पण नव्यात एक प्रामाणिकपणा असतो. आपल्याला काय करायचे आहे हे त्या वस्तूला पक्के ठाऊक असते. विक्रेता कौतुकाने म्हणाला, “अंकल, एक हाथ से लग जाएगा. आंटी को आवाज़ भी नहीं देनी पड़ेगी.” त्या मुलाला काय माहीत. मी ती जोडी बांधून घेतली.

आणि मग मी एका हाताने जगायला शिकलो. हे तक्रारीने लिहीत नाही, जवळजवळ अभिमानाने लिहितो आहे. वरणाला फोडणी जमली. भाकरी जमली नाही, पोळी जमली. विजेचे बिल फोनवरून भरतो. गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या खणांत लावून ठेवतो. गेल्याच्या आदल्या दिवाळीत तुझी सिंधूआत्या सर्वांसमोर म्हणाली, “दादा, या वयात माणसाला आधार लागतो. कोणी चांगली मिळाली तर बघायला काय हरकत आहे?” तेव्हा तू ताटे उचलून आत गेलीस आणि ती जरा जोरातच ठेवलीस. नंतर मला म्हणालीस, “बाबा, तुम्हाला काय कमी आहे? डॉक्टर हाकेवर आहेत, मी आहे. आईच्या जागी माणूस आणायला ती काय रिकामी खुर्ची आहे?” तुझे म्हणणे खरे होते. मला काहीच कमी नव्हते. आणि आधाराच्या नावाखाली कोणाला घरात आणणे हा त्या बाईचाही अपमान आहे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

गेल्या कोजागिरीला मंडळात सूत्रसंचालन माझ्याकडे होते. प्रमिलाकाकू तुला आठवत असतील. पेटी वाजवतात, शाळेत गणित शिकवत होत्या, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. विंगेत त्या पेटीचा भाता तपासत बसल्या होत्या आणि मी शेजारी उभा राहून नवी बटणे लावत होतो. डावे लावले, टक्. उजवे फटीतून पार केले. दांडी फिरवणार, एवढ्यात त्यांनी पेटीवरचा हात उचलला, माझे मनगट आपल्याकडे वळवून घेतले आणि दांडी फिरवली. मी गडबडून म्हणालो, “अहो, मला येतं.” त्या म्हणाल्या, “येतं ते दिसतंय की. येत नाही असं मी कुठे म्हटलं?” आणि पुन्हा भात्याकडे वळल्या. मी मात्र हात तसाच पुढे धरून उभा होतो. पडदा ओढणाऱ्याने “सर, चलिए” म्हणेपर्यंत.

त्यानंतर आम्ही बोलत आलो आहोत. आधी पेटीबद्दल, मग पुस्तकांबद्दल, मग सुचेताबद्दल. होय, तुझ्या आईबद्दल आम्ही पुष्कळ बोलतो. त्यांनीच मला विचारले की ती पिना तोंडात का धरायची, आणि मी हसतच सुटलो. गेल्या महिन्यात मी त्यांना लग्नाचे विचारले. त्या म्हणाल्या, “आधी मानसीला विचारा. ती नाही म्हणाली तर आपण शेजारी म्हणून छान आहोत. तिच्या तोंडावर दार लावून मला आत यायचं नाही.”

म्हणून हे पत्र. जुनी जोडी तुझ्याकडे पाठवली, कारण ती सुचेताच्या हातची आहे. ती दुसऱ्या कोणाच्या हाती देणे मला जमणार नाही आणि प्रमिलाबाईंनी तसे मागितलेलेही नाही. सोनाराला सांग, झिजलेल्या कड्यांवर बावीस कॅरटचाच भर घालून दे, साखळी काढू नकोस. आणि परागच्या मनगटाला ती तू लाव. मी तुझ्याकडे आधार मागत नाही. तशी गरज असती तर तू केव्हाच हो म्हणाली असतीस, हे मी जाणतो. मला गरज नसताना एक माणूस हवेसे वाटते आहे, आणि हे तुला पटवून देणे मला कोणत्याही वर्गात शिकवण्यापेक्षा अवघड जाते आहे. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. फक्त त्याआधी एक साधी परीक्षा करून बघ. उद्या ऑफिसला निघताना तुझ्या घड्याळाचा पट्टा स्वतः लावू नकोस, तुला तो उत्तम लावता येतो तरीही. पराग जवळून जाईल तेव्हा काही न बोलता मनगट पुढे कर. तो विचारील, “काय गं, येत नाही का?” उत्तर देऊ नकोस. पट्टा लावून झाल्यावर तू हात किती वेळाने मागे घेतेस, एवढेच बघ. मग मला फोन कर.

काहीही ठरवलेस तरी तुझाच,
बाबा