टोपड्याला खळ

राजुरी, रविवार

तीर्थस्वरूप ठमाआक्का हिस,

धाकटा भाऊ दादाभाऊ याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून सगळ्या आळीला ऐकू जातो? इकडे मी ठीक, मेंढरं ठीक. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू 'जेवला का' विचारतेस आणि मी जेवलो म्हटलं की लगेच ठेवून देतेस. शेजारचा भागू गाडी घेऊन मंचरच्या बाजाराला निघालाय, तोच हे अवसरीला पोचतं करील.

आपल्या हर्षालीला सातवा लागलाय हे तुला ठाऊकच. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. पण परवा तिचा पुण्याहून फोन आला, "आप्पा, मी इकडंच राहते. तिकडं आता कोण हाय?" मी म्हणालो, "कोण म्हंजी? मी हाय की!" त्यावर पोरीनं 'जेवून घ्या' म्हणून फोन ठेवला. आक्का, मला फार लागलं. निर्मला गेली तेव्हापासून मी भाकऱ्या थापतो, सारवतो, तुळशीला पाणी घालतो (कधी कधी दोनदा घालतो, आठवत नाही म्हणून), आणि तरी पोरीच्या लेखी घरात कुणी नाही. मग ठरवलं, बाळंतविडा आपणच करायचा. टोपडं, झबलं, पायमोजे, सगळं हातानं विणलेलं. आईनं केलं असतं ते बापानं केलेलं बघून तरी तिला यावंसं वाटेल.

सुया निर्मलाच्या ट्रंकेत होत्याच. राहिली लोकर. आता धनगराच्या घरात लोकर विकत आणायची म्हणजे वाडवडिलांना तोंड कसं दाखवायचं? म्हणून कोकरांचं जावळ, म्हणजे पहिल्या कातरणीची मऊ लोकर, घेतली, धुतली, पिंजली आणि आज्याच्या चातीवर सूत काढलं. पण बाळाला चालेल का हे बघायला नको? म्हणून ते सूत सदऱ्याच्या आत गळ्याभोवती गुंडाळून गावातल्या एका साखरपुड्याला गेलो. पंगत बसेपर्यंत मान लालबुंद. नवरीकडचे पाहुणे सरकून बसायला लागले, आणि आपला गेणू चारचौघांत विचारतो कसा, "दादाभाऊ, गोचीड लागलंय का काय?" माझी मान म्हणजे उन्हापावसानं रापलेलं कातडं. तिची ही गत, तर तान्ह्या जिवाचं काय झालं असतं! घोंगड्याला आपली लोकर सोन्यासारखी, पण टोपड्याला नाही, हे मान्य करून (वाडवडिलांची मनातल्या मनात माफी मागून) आळेफाट्याला दुकानात गेलो.

दुकानात सोनल नावाची मुलगी असते. मी एकेक गुंडा उचलून गालाला घासून बघायला लागलो, तर प्रत्येकाचा धागा दाढीच्या खुंटात अडकायचा. शेवटी ती म्हणाली, "आप्पा, आधी दाढी तरी करून या. सगळा माल काटेरी व्हईल." पटलं. समोरच न्हाव्याकडे गेलो आणि तुळतुळीत होऊन परत आलो. (मिशी ठेवली आहे, काळजी करू नकोस.) पहिली आवडली ती ससाच जणू. सोनल म्हणाली, "तिचं केस सुटत्यात, बाळाच्या तोंडात जातील." चमकणारी घेतली तर ती गालाला टोचली. तिसरी अस्सल लोकर, लोण्यासारखी मऊ, पण गरम पाण्यात घातली की आटते म्हणे. आता बाळाचं कापड दिवसातून चारदा ओलं होणार, ते गरम पाण्यात नाही धुवायचं तर काय त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं? अखेर सुती धाग्याची एक सापडली. पापणीला लावली तरी कळेना. मशिनीत धुवा, हातानं धुवा, तक्रार नाही. रंग पिकल्या लिंबाचा घेतला, मुलगा होवो की मुलगी होवो.

विणायला मोबाईलवर एक हिंदी बाई शिकवते. मेंढरं चरायला सोडून मी बांधावर बसायचो. ती 'फंदा डालिए' म्हणायची, मी टाके मोजायचो, आणि मेंढरं तेवढ्यात रखमाजीच्या कांद्यात. रखमाजी शिव्या देत आला, हातातलं टोपडं पाहिलं आणि म्हणाला, "मुंडकं केवढं धरलंय? नारळाला घालायचंय का?" उसवून पुन्हा केलं. झालं एकदाचं. मग धुऊन बघितलं, तर जरा लुळं वाटलं. आक्का, तिथं माझी मती फिरली. घोंगड्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, मग अंग धरतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. चिंचोके भिजवले, वाटले, शिजवले आणि टोपड्याला झकास खळ दिली. उन्हात वाळल्यावर त्यावर टिचकी मारली तर टक्क वाजलं. टेबलावर ठेवलं तर वाटीसारखं उभं राहिलं. पुन्हा कोमट पाण्यात भिजत घातलं, खळ गेली, आणि माल असा अस्सल, की पहिल्यापेक्षा मऊ झाला.

तर सगळी तयारी आहे. शेगडी, खाट, बाळंतशेपा, डिंक, खारीक, सगळं आणलंय. तू गुडघ्यांना त्रास देऊन येऊ नकोस. मला कुणाची गरज नाही, माझा मी समर्थ आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
दादाभाऊ

ता. क. : खळ दिलेल्या टोपड्याचा फोटो मी हर्षालीला पाठवला होता. तिचा लगेच फोन, "आप्पा, हेल्मेट केलंय का?" खूप हसली. हसता हसता रडायला लागली. मग म्हणाली, "मी येते. पण त्याला आता हात लावू नका."

आणखी एक : तू ये. वर काय लिहिलंय ते सोडून दे, भागूच्याच गाडीत बसून ये. टोपडं मी विणलं, लंगोटही धुईन. पण कळा सुरू झाल्या की पोरगी 'आई गं' म्हणून हाक मारणार. त्या वेळी तिच्या उशाशी बसून 'ओ' म्हणायला कुणीतरी पाहिजे, आणि आक्का, ते मला जमायचं नाही.