दोन घरं वर

पिंप्राळा, जळगाव
२० नोव्हेंबर २०२३

आदरणीय देवचंदभाऊ यांस,
कोकिळाचा सप्रेम जय भीम. इकडे मी आणि साक्षी बऱ्या आहोत. अक्कांचे गुडघे कसे आहेत? थंडी पडायला लागली आहे, धाकटी जाऊ म्हणून सांगते, त्यांना पहाटे अंगण झाडू देऊ नका.

तुमचा फोन मी उचलत नाही म्हणून तुम्ही नाराज आहात, असं कळलं. तुम्ही गाणारे, तुमच्या बोलण्यालाही चाल असते. मी ऐकत राहते आणि माझं सांगायचं राहून जातं. कागदावर मध्ये कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी धुळ्याहून तुमचा हिलाल गाडी घेऊन दाराशी आला. गाडीत तुम्ही साक्षीसाठी घेतलेला पियानो. मी तो उतरवू दिला नाही. हिलाल बिचारा डोक्याला हात लावून म्हणाला, "वहिनी, बठ्ठा रस्ता सांभाळत लई उनू मी. आते भाऊले काय तोंड दखाडू?" एवढ्या लांबून सांभाळून आणला होता त्याने. त्याला चहा दिला, पोहे दिले आणि पियानो परत पाठवला. त्याच्यावर रागावू नका. साक्षी शाळेत होती. तिला मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पियानो वाईट होता म्हणून परत केला नाही. उलट साक्षीच्या हेमलता मॅडम वर्षभर मला असाच घ्या म्हणून सांगतात. मॅडम नंदुरबारकडच्या. मिशनच्या शाळेत शिकल्या, आता इथे घरी आठ-दहा मुलांना पियानो शिकवतात. त्यांच्या पुढच्या खोलीत जुना लाकडी पियानो आहे. त्या म्हणतात, "कोकिळाताई, घरच्या कीबोर्डच्या पट्ट्या हलक्या आहेत. एकसष्टच पट्ट्या, त्याही फुंकर मारली तरी दबतात. सरावाला वजनदार पट्ट्यांचा पियानो घ्या, अठ्ठ्याऐंशीचा. साक्षी घरी म्हणे सगळं वाजवते, आणि इथे आली की अडखळते. बोटांत ताकदच नाही."

मी दोन दुकानं फिरले. पट्ट्या दाबून बघितल्या. एका दुकानदाराने विचारलं, "वाजवणार कोण, तुम्ही?" मी म्हटलं, मी वसतिगृहात पोळ्या लाटते, बोटांत ताकद भरपूर आहे. तो हसला. मी काही न घेता आले.

घरात यांचा कीबोर्ड आहे, भाऊ. प्रेमराज गेले त्या दिवशी तुमच्या गायन पार्टीतल्या लोकांनी तो चादरीत गुंडाळून आणून दिला, तेव्हापासून तो खिडकीखाली आहे. वाद्य घरात असताना दुसरं कशाला? रोज संध्याकाळी साक्षी बसायच्या आधी मी तो पुसते, सुरू करून देते. तिला सांगून ठेवलंय, वाजव, पण बटणांना हात लावायचा नाही. ते लावून गेले तसंच राहू दे. ती कधी कधी म्हणते, "आई, मॅडमचा पियानो वेगळाच वाजतो." मी म्हणते, मोठं वाद्य आहे, वेगळं वाजणारच.

साक्रीचा विषय मी काढत नाही. तुम्हीही अशा वस्तू पाठवून काढू नका.

अक्कांना जय भीम.
कोकिळा


पिंप्राळा, जळगाव
२८ एप्रिल २०२४

आदरणीय भाऊ,
जय भीम. उन्हाने इकडे जीव नकोसा झालाय. तुमच्याकडेही तेच असणार.

साक्षीच्या पियानोच्या परीक्षेचं काय झालं, म्हणून अक्कांनी दोनदा विचारलं. झालं ते लिहिते. पुन्हा विचारू नका.

परीक्षा नाशिकला होती. मॅडम स्वतः बरोबर आल्या होत्या. साक्षीने निळा ड्रेस घातला होता. आत एकटीला सोडतात, आई-बापांनी बाहेर बाकावर बसायचं. दारातून ऐकू येत होतं. पहिलं गाणं तिने सुरू केलं आणि चार सुरांवर थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. मग भलतंच काहीतरी, जसं कुणी अंधारात चप्पल शोधतंय. मग काहीच नाही. मॅडमनी माझा हात धरला होता.

बाहेर आल्यावर साक्षी म्हणाली, "मॅडम, माझा कानच खराब आहे. बोटं बरोबर पडतात आणि सूर चुकीचा ऐकू येतो. म्हणून मी हात उजवीकडे सरकवला, तर काळ्या पट्ट्या मध्ये आल्या आणि सगळं गेलं."

येताना गाडीत चाळीसगावच्या पुढे मॅडम अचानक म्हणाल्या, "मला तुमचा कीबोर्ड बघायचाय." स्टेशनवरून घरीच आल्या. पाणीही न पिता कीबोर्डापुढे बसल्या. तो सुरूच होता. सकाळी निघताना साक्षीने एकदा सगळं वाजवून बघितलं होतं, बंद करायचं राहिलं होतं. मॅडमनी एक पट्टी दाबली. पुन्हा तीच दाबली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, हा दोन घरं वर लावलेला आहे."

तुम्हाला ते काय ते ठाऊक आहे. गाणाऱ्याचा आवाज उंच असला की वाजवणारा बोटं न बदलता एक बटण दाबतो आणि सगळे सूर वर सरकतात. बोट एका सुराच्या पट्टीवर पडतं आणि वाजतो दुसराच सूर. दीड वर्ष पोरगी घरी एक ऐकत होती आणि मॅडमकडे दुसरं. मॅडम म्हणाल्या, "कान कच्चा असता तर हिला काही फरक पडला नसता. इतका पक्का कान माझ्याकडे आजवर एकाही मुलाचा आला नाही. मी मात्र वर्षभर हलक्या पट्ट्यांना दोष देत बसले." त्या रडल्या, भाऊ. मग म्हणाल्या, "मला या बटणांतलं फार कळत नाही. पार्टीत आदळून-आपटून बटण अडकलं असेल."

मी हो म्हटलं.

आता तुम्हीच बघा. तो दोनचा आकडा तुमच्या आवाजासाठी लावलेला होता. साक्रीला दुपारच्या मेळाव्यात यांनी छातीवर हात ठेवून तुम्हाला सांगितलं होतं, भाऊ, दुखतंय. तुम्ही म्हणालात, एवढं एक होऊ दे. हे मला ढोलकीवाल्या जीवरामने सांगितलं. चार वर्षं मी ते कुणाला बोलले नाही, आज तुम्हाला लिहिते. ते एक झालं आणि हे गेले. तुमचा सूर मात्र त्या वाद्यात अडकून बसला आणि आता माझ्या लेकीच्या आड आला. त्यांच्या वेळीही तुम्ही होतात आणि आताही तुम्हीच.

साक्षी कीबोर्डाकडे बघत नाही. शिकवणीला जात नाही. शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडते. मॅडम दोनदा येऊन गेल्या, कान खराब नाही म्हणून सांगून गेल्या. ती म्हणते, मॅडम चांगल्या आहेत, म्हणून तसं बोलतात.

एवढंच कळवायचं होतं.
कोकिळा


पिंप्राळा, जळगाव
९ जून २०२४

देवचंदभाऊ,
जय भीम.

अक्कांचा फोन आला होता. म्हणाल्या, माझं पत्र वाचल्यापासून तुम्ही गात नाही. पाचोऱ्याचा कार्यक्रम सोडलात. जेवताना म्हणता, "मना आवाजनी पोरनं वाटोळं कयं." अक्का म्हणाल्या, कोकिळा, तू साक्रीचं लिहिलंस ते लिहिलंस, तो त्यांचा भोग आहे. पण पोरीचं तरी त्यांच्यावर टाकू नकोस.

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. तुमच्या पार्टीच्या गाण्यांच्या वह्या उतरवता उतरवता मी नीट लिहा-वाचायला शिकले. वसतिगृहातल्या कपाटातली पुस्तकं वाचते, मुलींचे अर्ज लिहून देते. पण हे लिहायला हात उचलत नव्हता.

भाऊ, बटण अडकलेलं नाही.

तो कीबोर्ड बंद केला की आकडा आपोआप शून्यावर जातो. प्रत्येक वेळी. हे दर कार्यक्रमाआधी दोनदा बटण दाबायचे, मी शेजारी बसून बघितलंय. आकडा क्षणभर दिसतो आणि जातो, म्हणून साक्षीला कधी कळलं नाही. रोज संध्याकाळी मी सुरू करायचे आणि माझ्या बोटाने दोनदा दाबायचे. दीड वर्ष. एकही दिवस चुकले नाही. तापात होते त्या दिवशीही उठून दाबलं. परीक्षेच्या सकाळीही मीच दाबलं. घरात तसाच सूर निघाला की वाटायचं, ते बाहेर पाय धुताहेत, आत येतील.

एवढं असतं तर अडाण्याची चूक म्हणून सोडता आलं असतं. तसं नाही. मागच्या दिवाळीत मॅडमनी सगळ्या मुलांना एकेक वाजवायला लावलं आणि आयांना आत बसवलं. एरवी मी तिला दारात सोडून वसतिगृहात कामाला जाते. त्या दिवशी साक्षीचं गाणं मी पहिल्यांदा समोर बसून त्या पियानोवर ऐकलं. मला वाजवता येत नाही, पण मी एका वाजवणाऱ्याबरोबर सोळा वर्षं राहिले. ते खाली आहे हे मला लगेच कळलं. दोन घरं. पोरीच्या कपाळावर आठी आली तीही मला दिसली. ती का आली, हेही मला कळलं.

घरी आल्यावर मी पुन्हा दोनदा बटण दाबलं.

त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तोच हिलाल तुमचा पियानो घेऊन आला. त्यावर ती सरळ शिकली असती. मग खिडकीखालचा कीबोर्ड बंद पडला असता. म्हणून मी तो परत पाठवला. तुमच्यावरचा राग होताच, पण त्या दिवशी तो मला उपयोगी पडला.

गेल्या आठवड्यात मी साक्षीला सगळं सांगितलं. भाकरीचं पीठ मळत होते, तिच्याकडे न बघता सांगितलं. ती उठून बसली.

"म्हणजे माझा कान बरोबर होता?"

"हो."

"मी म्हणायचे ना तुला, वेगळं वाजतंय म्हणून?"

"म्हणायचीस."

"आणि दिवाळीनंतर? तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

मी म्हटलं, "ते तुझ्या बाबांचं होतं. ते ठेवून गेले तसं मला ठेवायचं होतं."

तिने कीबोर्डाकडे बघितलं. मग विचारलं, "बाबा स्वतः गायचे तेव्हा किती ठेवायचे?"

भाऊ, पार्टीत एखादं गाणं यांच्या वाट्याला यायचं. तुम्ही पाणी प्यायला बसलात की. तेव्हा हे बटण खाली आणायचे. हे मी विसरले होते असं म्हणत नाही. त्याचा विचार कधी केला नव्हता.

मी म्हटलं, "शून्य."

"मग हे बाबांचं कुठे होतं?" साक्षी म्हणाली. "हे तर मोठेबाबांचं होतं."

ती रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. तिने तशी संधी दिली नाही. कीबोर्डापुढे जाऊन बसली, स्वतः सुरू केला, कुठलंच बटण दाबलं नाही, आणि परीक्षेचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. एकदाही थांबली नाही. मी पिठाचे हात घेऊन तशीच उभी होते. माझ्या घरात ते पहिल्यांदाच तसं वाजत होतं आणि मला ते शेजाऱ्यांकडून ऐकू आल्यासारखं वाटलं. वाजवून झाल्यावर तिने विचारलं, "मोठेबाबांकडे तो पियानो अजून आहे?" तो आला होता आणि मी परत पाठवला, हेही मी आधीच सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, "मी धुळ्याला राहते. नववी तिकडेच करते."

मी अडवलं नाही. अडवायला माझ्याकडे काय होतं?

गुरुवारी सकाळच्या बसने तिला पाठवते. दाखला काढला आहे. हेमलता मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी देवपुरात शिकवते, तिचा पत्ता साक्षीच्या वहीत आहे. मॅडमनी सांगितलंय, पियानो भिंतीला लागून ठेवा, उन्हात नको, आणि बसायचं स्टूल असं घ्या की तिचे कोपर पट्ट्यांच्या उंचीला येतील. वांग्याची भाजी ती खात नाही. चिडली की बोलत नाही, तेव्हा मागे लागू नका, आपणहून येते. निदान तुमच्याकडे येईल.

साक्रीचं मी विसरलेले नाही आणि माफ केलं असंही लिहीत नाही. पण ते तुमच्या तोंडावर फेकायचा हक्क आता मला राहिला नाही. त्यांना दुखतंय हे ऐकूनही तुम्ही एक गाणं मागितलंत. पोरगी अडतेय हे बघूनही मी बटण दाबत राहिले. तुमच्या हातून एकदा झालं. माझ्या हातून दिवाळीपासून एप्रिलपर्यंत रोज होत होतं.

तुम्ही पुन्हा गायला लागा. अक्कांसाठी तरी. एकच मागते. साक्षीला पार्टीत बसवू नका, साथीला बस असं कधी म्हणू नका. आणि एखाद्या दिवशी ती स्वतःहून तुमच्या गाण्याला साथ द्यायला बसली, तर मला कळवू नका.

तिला पत्र लिहायला सांगणार होते. नाही सांगत.

जिला तुम्ही दोष दिला नाहीत, ती
कोकिळा