स्मुर्णा माझ्या वाट्याला आलं

बाई, शनिवारची दुपार आहे आणि मी गाळ्यात एकटाच खुर्च्या लावतोय. आपली ख्रिस्ती मंडळी आता विचुंब्याला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर, दुकानाच्या भाड्याच्या गाळ्यात भरते. तुमच्या वेळी हे नव्हतं. तेव्हा आमची संडे स्कूल पनवेलात तुमच्या स्वयंपाकघरात भरायची, आणि तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी सातवीत होतो. आता मोठा झालोय म्हणे. कॉलेज अर्ध्यात सोडलं. एका सरांच्या अंगावर धावून गेलो आणि मग तिथे परत तोंड दाखवलं नाही. तुम्ही असतात तर कान धरला असता. आज कोणीतरी धरायला हवाय.

गेल्या रविवारी प्रार्थना चालू असताना बाहेरून शटर वाजायला लागलं. पंजे आपटत होते, खूप जणांचे. आपलं शटर अर्धंच वर असतं, त्यामुळे खालून फक्त चपला दिसत होत्या. चपलांवरून माणसं किती ते कळत नाही, बाई, खूप वाटतात. पाळकांची मुलगी कीबोर्डवर होती. तिचं बोट एका सुरावर तसंच राहिलं आणि तो सूर वाजतच राहिला. पाळक प्रार्थना थांबवून, हात जोडून बाहेर गेले. एक जण म्हणाला, "पुढच्या रविवारी उघडलंत तर आम्ही बंद करू, आमच्या पद्धतीने." मी उठलो, तर तिने मागून माझा शर्ट धरला. संध्याकाळी गाळ्याचे मालक आले, इथलेच जुने गाववाले. "तुमी मानसं चांगली हाव, माजी काय तक्रार नाय," ते म्हणाले, "पन मला लफडा नाय पायजे. येत्या रविवारी काय झाला, तर चावी परत द्या."

मी कोन गावच्या चार मित्रांना सांगून ठेवलं. सकाळी टेम्पो घेऊन यायचं, टेम्पोत काठ्या. हे पाळकांच्या मुलीला कळलं. काल मला बाजारात गाठून म्हणाली, "काय हीरो, कोणासाठी मारामारी करणार आहेस? माझ्यासाठी असेल तर नको. मारशील तू आणि पोलीस नेतील पप्पांना." मी म्हटलं, मग काय करू, टाळ्या वाजवू? "दाराशी उभा राहा. येतील त्यांना आत घे," ती म्हणाली, आणि भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन रिक्षा शोधायला लागली. तिच्यापुढे मला काही सुचत नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतंय. तुम्ही चहा गाळताय, आम्ही फरशीवर मांडी घालून बसलोय, मध्ये शंकरपाळ्यांचा डबा. बायबलच्या प्रकटीकरणातल्या सात मंडळ्या तुम्ही आम्हाला वाटून देताय. प्रभू प्रत्येकीला पत्र पाठवतो, पण आधी आपण कोण ते सांगतो, आणि दर वेळी वेगळं. "ज्याचं जे दुखतं, त्याला तसं नाव," तुम्ही म्हणता. जिची ताकद थोडी उरलीय तिला तो किल्लीवाला म्हणून भेटतो. त्याने उघडलेलं दार कोणाला लावता येत नाही. जी पहिलं प्रेम विसरली तिच्यासाठी तो समयांमधून फिरतो. मला पर्गम हवं होतं, कारण तिथे त्याच्याकडे दुधारी तलवार आहे. तुम्ही मला स्मुर्णा दिलंत. मी रुसलो. "बाई, तलवार मला द्या ना," मी म्हटलं. "तुला कशाला? तुझी जीभ आहे की," तुम्ही म्हणालात, आणि सगळी पोरं हसली. मग तुम्ही पुस्तक माझ्यापुढे सरकवलंत. "ती तलवार कोणावर चालणार ते वाच." मी वाचलं. बाहेरच्या कोणावर नव्हे. मंडळीतच बसून न सुधारणाऱ्यांवर. मला ती चक्क फसवणूक वाटली होती.

स्मुर्णाला धाक होता, तुरुंगाचा आणि मरणाचा. तिला तो सांगतो, मी पहिला आणि शेवटचा. मेलो होतो, आता जिवंत आहे. संकट टळेल असं म्हणतच नाही. याचा मला फार राग यायचा, अजून येतो. पण आज दुपारपासून तेच नाव तोंडात आहे, तलवारीचं नाही. कदाचित घाबरलेल्या माणसाला तेवढंच सांगता येत असेल, की तू जिथे जायला घाबरतोस तिथून मी जाऊन आलोय. तरी भीती काही जात नाही. शटरकडे पाठ करून खुर्च्या लाववत नाहीत. रस्त्यावर कोणी टेम्पोचं फाळकं आपटलं तरी हातातली खुर्ची ठेवून बाहेर बघतो. उद्या म्हाताऱ्या आजी येतील, बायका लहान मुलांना घेऊन येतील, नाहीतर कोणीच येणार नाही. मला दोन्हीची भीती वाटते.

मघाशी मित्रांना फोन करून येऊ नका म्हटलं. एक जण हसला, "फाटली काय रे?" मी फोन ठेवून दिला. तुमच्यापर्यंत हे कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणूनच एवढं लिहिता आलं. उद्या मी दाराशी उभा राहीन, दोन्ही हात खिशात घालून. लोकांना वाटेल, राग आवरतोय. ती विचारेल, माझ्यासाठी थांबलास ना? मी हो म्हणेन. हात खिशात असतील ते थरथरताना तिला दिसू नयेत म्हणून.