निळ्या शिवणीच्या फडक्याचा कोपरा

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
सीमाहल्ला चौकशी कक्ष, आपत्कालीन परिषद,
जुनी पाणीपुरवठा इमारत, दुसरा मजला, खोली क्र. १४.

विषय : यापूर्वीचे सहा संशय-अर्ज मागे घेऊन सातवा व शेवटचा संशय नोंदवून घेणे आणि अर्जदाराच्या कन्येस सोडणेबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचे संशय-अर्ज क्र. १ ते ६. (२) आपल्या कक्षाची सहा उत्तरे, सर्वांचा मजकूर एकच. (३) चौकी क्र. ९ वरील हल्ल्यातील पुरावा क्र. ४, म्हणजे पिवळा फडका.

महोदय,

१. अर्जदार हा पहारायंत्र देखभाल पथकाचा सेवानिवृत्त मुख्य पुसणारा असून त्याने चौकी क्र. ९ वर सव्वीस वर्षे यंत्रांच्या काचा पुसल्या. या काळात एकाही काचेवर ओरखडा उठलेला नाही, अशी सेवापुस्तकात नोंद आहे. अर्जदाराची एकुलती एक कन्या गेली तीन वर्षे त्याच पथकात, त्याच शिडीवर, तेच काम करीत होती. सतरा दिवसांपूर्वी आपल्या कक्षाने तिला ताब्यात घेतले. चौकीचे गुपित शत्रूस दिल्याचा तिच्यावर आरोप आहे. सुनावणी येत्या सोमवारी आहे. या आरोपास शिक्षा एकच आहे आणि ती येथे लिहिण्याचा अर्जदारास धीर होत नाही.

२. या अर्जाची पोच दोन शिक्क्यांसह मिळावी. अर्जदाराचा कक्षावर विश्वास नाही, असे कृपया समजू नये. तथापि अर्ज क्र. ३ ची पोच मागितली असता आपल्या कारकुनाने तसा अर्ज आलाच नसल्याचे सांगितले, आणि त्या अर्जात ज्याच्याविषयी लिहिले होते तो मनुष्य त्याच संध्याकाळी उचलला गेला. तेव्हा काय येते आणि काय येत नाही, याबाबत अर्जदार आता सावध झाला आहे.

३. प्रथम कामाची पद्धत सांगणे भाग आहे, कारण ती कोणत्याही नियमावलीत नाही. पहारायंत्र म्हणजे दोन मजले उंचीचा खांब, त्यावर ताटाएवढी काच आणि काचेखाली बंदुकीची नळी. कोणी जवळ आले की नळी त्याच्याकडे वळते. नियमाप्रमाणे पुसणाऱ्याने आधी मुख्यालयास दूरध्वनी करून यंत्राचा झोप-क्रमांक घ्यावा, यंत्र झोपवावे आणि मगच शिडी लावावी. हा क्रमांक मिळण्यास पाऊण तास लागे. यंत्रे बावीस. नियम करणाऱ्यांनी गुणाकार करून पाहिलेला नव्हता. अशातच एकदा अर्जदार क्रमांक मिळाला असे समजून शिडी चढला, आणि वर पोचल्यावर खालून ओरड झाली की क्रमांक आलेलाच नाही. हातात सरकारी पिवळा फडका होता, तोच नकळत पुढे धरला गेला. यंत्राने काच फिरवून फडक्याकडे पाहिले आणि नळी खाली घातली, मारकी गाय ओळखीच्या माणसापुढे मान खाली घालते तशी. यंत्र आपोआप शिकते आणि एकाने शिकलेले उरलेल्यांस कळते, हे खरेदीच्या करारातच होते. ते कोणाकडून शिकेल हे मात्र लिहिलेले नव्हते. त्या दिवसानंतर पथकात कोणी झोप-क्रमांक मागितला नाही. लांबूनच फडका डोक्यावर धरून दोनदा झटकायचा आणि शिडी लावायची, अशी रीत पडली. ती सर्वांना ठाऊक होती आणि कोणीच ती लिहून ठेवली नाही.

४. हल्ल्याच्या सकाळी पलीकडून चाळीसएक माणसे डोक्यावर पिवळी कापडे धरून, ती दोनदा झटकीत आली. बावीसच्या बावीस यंत्रांनी नळ्या खाली घातल्या. चौकीतील एकोणीस शिपाई मारले गेले. त्यांतील एक जण अर्जदारापुढे रोज स्वतःचा चष्मा धरून ‘काका, ही पण काच घ्या’ म्हणत असे. तिसऱ्या दिवशी मंत्रिमंडळ गेले, चौथ्या दिवशी सेनापती परिषदेचे अध्यक्ष झाले, सातव्या दिवशी आपली चालती लढाऊ यंत्रे सीमा ओलांडून गेली, ती अजून परतलेली नाहीत. हल्लेखोरांची बहुतेक कापडे नवी कोरी होती. जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला फडका एकच सापडला. प्रयोगशाळेत दहा दिवस त्याची तपासणी झाली, आणि यंत्रांना गुंगी आणणारे हे शत्रूचे नवे शस्त्र असल्याचे परिषदेने जाहीर केले. घरोघरचे पिवळे पडदे जमा झाले. कोपऱ्यावरच्या लिंबूवाल्यास टोपली झाकून बसण्याची ताकीद मिळाली.

५. हे अर्जदारास पाहवले नाही. ज्या फडक्यावर आयुष्य काढले त्यास लोक शस्त्र म्हणतात, याचा त्याला राग आला. अर्ज क्र. १ करून त्याने तो पुसायचा साधा फडका असल्याचे आणि यंत्रे त्यास का वश होतात याचे सविस्तर वर्णन कळविले. कोणी विचारले नव्हते. शेवटी ‘हे पलीकडे कोणी पोचवले याचा शोध व्हावा’ अशी एक ओळ जाता जाता घातली. त्या ओळीने परिषदेस शस्त्राऐवजी घरभेदी मिळाला, आणि अर्जदारास चटक लागली. अर्ज क्र. २ भांडारपालावर होता, कारण तो फडके मोजताना कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. क्र. ३ चौकीच्या उपाहारगृहवाल्यावर, कारण तो सर्वांच्या डोळ्याला डोळा देई. क्र. ४ अर्जदाराच्या वरच्या मजल्यावरील शिंप्यावर, कारण त्याच्या दुकानात पिवळे अस्तर होते. शिंपी चार दिवसांनी परत आला. आता जिन्यात अर्जदार दिसला की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. क्र. ५ अर्जदाराच्या सख्ख्या मेहुण्यावर होता, कारण तो दर भेटीत ‘यंत्र तुम्हाला ओळखतं का हो?’ असे विचारी, आणि त्या दिवसांत ते कौतुक वाटेनासे झाले होते. क्र. ६ मध्ये अर्जदाराने कोणाचेच नाव घेतले नाही. पथकातील प्रत्येकाच्या घराची झडती व्हावी, एवढेच लिहिले. स्वतः निवृत्त असल्याने तो आपले घर त्यात धरत नव्हता. कन्या पथकात आहे, हे लिहिण्याच्या भरात त्याच्या ध्यानातच आले नाही.

६. झडतीस चार जण आले. अर्ज करणारा म्हणून त्यांनी अर्जदारास मानाने खुर्चीवर बसविले. स्वयंपाकघरातल्या फळीवर सात पिवळे फडके सापडले, सर्वांच्या कडा निळ्या दोऱ्याने शिवलेल्या. सरकारी फडक्यांचे धागे सुटून काचेला चिकटतात, म्हणून अर्जदाराची दिवंगत पत्नी त्यांच्या कडा दुमडून शिवून देत असे. कन्येच्या शाळेच्या गणवेशासाठी आणलेले निळ्या दोऱ्याचे मोठे रीळ होते, ते काही संपता संपत नव्हते. दुसऱ्या कोणाच्या घरी असे फडके नाहीत. पुरावा क्र. ४ ला हीच शिवण आहे, असे झडतीच्या अधिकाऱ्याने सांगितले. कन्येने गॅस बंद आहे का ते पाहिले, चपला घातल्या आणि दारातून वळून एवढेच म्हणाली, “बाबा, आता तरी काही लिहू नका.” अर्जदाराने सतरा दिवस तिचे ऐकले.

७. काल अर्जदार नगर वाचनालयात गेला. तेथे परिषदेने हल्ल्यातील पुरावे नागरिकांस पाहण्यासाठी काचेखाली मांडले आहेत. (काच अस्वच्छ आहे.) रांगेत दीड तास उभे राहून अर्जदार पुरावा क्र. ४ पुढे पोचला. शिवण पत्नीचीच होती. तिचा अंगठा दुखू लागला की टाके लांब पडत, तसे ते पडले होते. फडक्याचा एक कोपरा नाही. खालच्या पाटीवर ‘चकमकीत फाटलेला’ असे लिहिले आहे. तो फाटलेला नाही. तो कात्रीने सरळ कापलेला आहे आणि अर्जदाराने कापलेला आहे. मागच्या माणसाने पुढे सरका म्हणेपर्यंत अर्जदार तो काप पाहत राहिला.

८. नऊ वर्षांपूर्वी पलीकडच्या यंत्रांच्या काचा एक उंच, किंचित पोक आलेला माणूस पुसत असे. त्याचे नाव अर्जदारास आजही माहीत नाही. रोज समोरासमोर दोन शिड्या लागत, म्हणून पथकात त्याला थट्टेने व्याही म्हणत. व्याही काच शर्टाच्या बाहीने पुसे. बाहीचे बटण काचेवर घासल्याचा आवाज इकडे येई आणि अर्जदाराच्या अंगावर काटा उभा राही. काच कोणाची का असेना, ती तशी पुसलेली बघवत नाही. सहा महिने सोसल्यावर अर्जदाराने आपला एक फडका दगडाला गुंडाळून कुंपणापलीकडे टाकला. व्याह्याने तो उचलला, काच लखलखीत पुसली, मग हात वर करून फडका दोनदा झटकला. अर्जदारास वाटले, आभार मानतो आहे. तो आमचीच खूण आम्हाला करून दाखवत होता, हे कळायला नऊ वर्षे आणि एकोणीस माणसे लागली. हल्ल्यासाठी व्याह्याने तो फडका आपणहून दिला की त्याच्याकडून हिसकावून घेतला, हे अर्जदारास ठाऊक नाही. जिन्यापासून मेहुण्यापर्यंत सर्वांवर संशय घेऊन झाला, पण हा एक संशय त्याला अजून घेववत नाही.

९. फडका टाकण्यापूर्वी अर्जदाराने त्याचा शिक्क्याचा कोपरा कापून ठेवला, कारण सरकारी शिक्का असलेली वस्तू सीमेपार देणे नियमात बसत नाही. फडका देणेही बसत नाही, हे त्या वेळी सुचले नाही. असा कोपरा भांडारात जमा केला की त्याच्या बदली नवा फडका मिळतो. न झिजलेल्या फडक्यावर नवा घेणे मनास पटेना, म्हणून अर्जदाराने तो जमा केला नाही. कोपरा नऊ वर्षे पत्नीच्या सुयांच्या डबीत पडून होता. त्यावर चौकीचा शिक्का, वर्ष आणि अर्जदाराचा पथक क्रमांक स्पष्ट आहे. त्या वर्षी कन्या आठवीत होती आणि तिने सीमा नकाशाखेरीज कोठेही पाहिलेली नव्हती.

१०. हा परिच्छेद फक्त आपल्या प्रतीत आहे. अन्य तीन ठिकाणी ठेवलेल्या प्रतींत तो तूर्त घातलेला नाही. यंत्रे काय काय शिकली आहेत याचा दर महिन्यास अहवाल मुख्यालयात तयार होई, तपासणाऱ्याची सही होई आणि एक प्रत चौकीच्या भिंतीवर लागे. महिना संपला की अर्जदार तो कागद फळीवर अंथरायला घरी नेई. झडतीत फडके उचलले गेले, खालचे कागद कोणी उचलले नाहीत. त्यांवर वर्षानुवर्षे एक ओळ आहे : ‘पिवळे कापड दोनदा हलविणारा आपला माणूस समजावा.’ तिच्यापुढे ‘पाहिले’ असे लिहून सही आहे. अर्जदारास प्रथम संशय आला की सही करणाऱ्याने ओळ वाचलीच नसावी. दुसरा संशय असा की त्याने ती वाचली असावी. सहीचे शेवटचे अक्षर शेपटीसारखे वर वळते. आपल्या कक्षाच्या सहाही उत्तरांवरील सही तशीच वळते. अर्जदाराची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, त्यामुळे याविषयी तो आज काही म्हणू इच्छित नाही. सोमवारनंतर काय म्हणावेसे वाटेल ते सांगता येत नाही.

११. सबब विनंती की, अर्ज क्र. १ ते ६ मागे घेतल्याची नोंद व्हावी आणि भांडारपाल, उपाहारगृहवाला व मेहुणा यांना कोणाच्या अर्जामुळे त्रास झाला ते लेखी कळवावे. शिंप्यास अर्जदार स्वतः सांगेल, त्याने दार उघडल्यास. सातवा संशय अर्जदाराचा स्वतःवर आहे, तो दाखल व्हावा. सोमवारपूर्वी, वाचनालयात, रांगेतल्या लोकांसमक्ष कोपरा पुरावा क्र. ४ ला लावून पाहावा आणि तो जुळताच कन्येस घरी पाठवावे. युद्ध चालू ठेवण्यासाठी परिषदेस घरभेदी हवाच असेल, तर तो आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन सदरे आणि चष्म्याची डबी घेऊन बसला आहे. त्याने हे पैशासाठी केले नाही, रागाने केले नाही, एका काचेची दया येऊन केले. हे परिषदेस सोयीचे नसेल तर कारणाचा रकाना कोरा ठेवावा. कन्येस एवढे कळवावे की बाबांनी पुन्हा लिहिले, तिचे न ऐकल्याबद्दल त्यांना वाईट वाटते, आणि या वेळी त्यांनी दुसऱ्या कोणाविरुद्ध लिहिलेले नाही.

उत्तर टपालाने न पाठविता दार उघडून द्यावे, ही प्रार्थना.

आपला नम्र व आपल्याच दाराशी बसलेला,
(सही)
सेवानिवृत्त मुख्य पुसणारा, चौकी क्र. ९

दिनांक : सुनावणीपूर्वीचा शुक्रवार, सकाळी कार्यालय उघडण्याच्या वेळी

सोबत :
१. कन्येचा इयत्ता आठवीचा शाळेचा दाखला.
२. यंत्रांच्या अहवालांच्या नकला. मूळ कागद आता फळीवर नाहीत, पुन्हा झडतीची तसदी घेऊ नये.
३. फडक्याचा कोपरा : जोडलेला नाही. तो अर्जदाराच्या उजव्या मुठीत आहे. वाचनालयातली काच उघडली की मूठ उघडेल.