बूट घालून डान्स

बाबा, तुम्ही आपल्या घरात ‘नाच’ हा शब्द कधी येऊ दिला नाही. कुकरची शिटी डान्स करायची, हिंगण्याच्या रस्त्यावर तुमची कंपनीची बस डान्स करायची, माझा पडायला आलेला दातसुद्धा डान्सच करायचा. मला वाटायचं, तुम्हाला इंग्रजीची हौस आहे.

सहावीत मला गॅदरिंगमध्ये घेतलं, तेव्हा खाप्याहून आजी आलेली होती. तुम्ही जेवत होता. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “काहून गा, पोरीले नाचवून राहिला? माह्या बापाले नाचवलं, तेवढं पुरे नाही झालं?” तिच्या वडिलांना गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वरातीपुढे अनवाणी नाचावं लागायचं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. “नाच नाही माय, डान्स हाये,” तुम्ही म्हणालात. “बूट घालून करतात.” दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून येताना तुम्ही पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आलात. बाईंनी बसवला होता कोळीनाच. सगळ्या मुली अनवाणी, मधे मी एकटी बुटात. शेजारची खुसखुसते, “परेडले आली का वं?” आणि तुम्ही पुढच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवताय, मागचे ओरडताहेत, “बसा ना काका!”

तुमच्या मनात खरंच एवढं होतं, की मोठी झाल्यावर हा अर्थ मीच तुमच्यावर लादला? विचारायचं राहून गेलं. तो शब्द मात्र मीही टाळत आले.

काल भाचीची हळद होती. तुम्ही न पाहिलेली तुमची नात, माझी लेक, हॉलभर ओरडत होती, “आई, चल ना, नाचू!” किती सहज. तिला थांबवावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग कारणही सांगावं लागलं असतं, आणि ते ओझं तिच्या पायांत कायमचं राहिलं असतं. न सांगावं, तर आजीच्या वडिलांना आपणच पुसून टाकतोय की काय? मला ठरवता येईना. तेवढ्यात तिने माझा हातच ओढला. “काहून लाजून राहिली? कोणी नाही पाहत तुले!”

मी नाचले, बाबा. ताल चुकत होता, पदर सुटत होता, पोरं हसत होती. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहायचा धीर होतो: तेवढा वेळ मला तुमची आठवण आली नाही. कोणाचीच आली नाही.