बयनाबाईचा अंगठा

जैनथ, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सुरेंद्र यास आजीचे प्रभूच्या नावे सलाम व अ. आ.

वि. वि. फोनवर तू हो-हो करून बंद करतोस, म्हून तुझ्या बहिणीला, मयूरीला, कागद घेऊन बसवलं. अक्षर तिचं, बोल माझे.

तुझा साक्षीचा कागद तिने वाचून दाखवला. त्यात म्हणे, तू हैदराबादच्या हॉलात प्रार्थना केलीस नि इकडे माझे डोळे उघडले. खाली माझा अंगठा पाहिजे. तो पडद्यावर दाखवला की तुला मोठा पाळक नेमतील.

बाबू, मोतीबिंदू आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईने काढला. ऑटोतून तूच नेलंस. काळ्या चष्म्यावरून सिनेमातली बाई म्हणून चिडवलंस, ते मी विसरली नाही. उपकार प्रभूचेच, पण बाईच्या हातून. तिचा हात काऊन खोडला?

अक्षर नसलं की माणसाजवळ अंगठाच असते, जपून वापरावा लागते. नाही देत.

रागावलास तरी जेवत जा.

तुझी आजी बयनाबाई

—

हैदराबाद, ८ फेब्रुवारी

ती. आजीस सा. सलाम.

रागावलो आहेच. ही गोष्ट मी नाताळातच सांगून बसलोय. हजार माणसं उभी राहून रडली. आता मागे कसा फिरू? खरं बोललो तर नेमणूक जाईल, राहतं घरही चर्चचंच. हर्षालीला सातवा महिना आहे.

आणखी एक. भाग्यलक्ष्मी नावाची बाई काल भेटली. तुझी गोष्ट ऐकून तिने स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन रद्द केलं, आणि माझे पाय धरले. मी तिला आशीर्वाद देऊन आलो. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

तू अंगठा दिलास तर निदान मी एकटा खोटा राहणार नाही, असं मनात येतं. इतका खाली आलोय.

तुझा सुरेंद्र

—

जैनथ, १९ फेब्रुवारी

चि. सुरेंद्र यास सलाम व आ.

वि. वि. हर्षालीने सारं कळवलं. तू रविवारी सगळ्यांपुढे खरं सांगितलंस, अर्धा हॉल उठून गेला, महिनाअखेर घर सोडायचं. भाग्यलक्ष्मीबाईला तूच दवाखान्यात नेलंस, पण उशीर झाला, एका डोळ्याचं डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. त्या डोळ्यापायी मला घास उतरत नाही. तुलाही उतरू नये. तिच्याकडे जात राहा, ती हाकलेल तरी.

मग दोघं इकडे या. आपल्या चर्चात अकरा माणसं, त्यात मी पेंगते, म्हणजे दहाच धर. पडदा नाही, सतरंजी आहे. ती झाडायला माणूस पाहिजे.

तुझा कागद वाया नाही घालवला. हे पत्र त्याच्याच कोऱ्या बाजूवर आहे. साक्ष अशी: माझे डोळे डॉक्टरीणबाईने उघडले. माझा नातू खोटं बोलला, मग खरं बोलला. मयूरीकडून दोनदा वाचून घेतलं.

राग निवला की आजीवर लोभ ठेव.

खाली अंगठा माझाच. शाई जरा जास्त लागली, पुसू नको.