आशीर्वाद मिळालेली नळी

रविवार, १५ जून

आज सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलो, चांगला कोट उतरवला, बाह्या वर केल्या आणि तळघरात बिअरच्या फ्रीजसमोर स्टुलावर बसलो. मी घरी बनवलेल्या बिअरचं जुनं पिंप काल संपलं. पिंपापासून तोटीपर्यंतची नळी नवं पिंप जोडण्याआधी धुवायची, हे मी हिवाळ्यापासून ठरवलं आहे. बादली भरली, धुलाईच्या कॉस्टिक सोड्याचा डबा काढला.

मग आठवलं. संपलेल्या पिंपाला मागच्या रविवारी फादर जेरार्डनी स्वतः आशीर्वाद दिला होता. पुस्तक उघडून, पाणी शिंपडून. त्यातली थोडी बिअर अजून नळीत आहे. ती कॉस्टिकबरोबर गटारात सोडायची? गावच्या शाळेत सिस्टर आम्हाला सांगायच्या, पवित्र वस्तू अशी टाकू नये.

बराच वेळ विचार केला. नवं पिंप तसंच जोडलं. बादलीतल्या पाण्याने बायकोची, मार्लाची, गाडी धुतली. समाधान वाटलं.

शनिवार, २१ जून

संध्याकाळच्या मिस्सानंतर वर्लिन पत्ते खेळायला आला. मार्लाचा भाऊ. पहिला घोट तोंडात धरून बसला, मग गिळून म्हणाला, "वेगळी आहे." आमच्या विस्कॉन्सिन राज्यातला माणूस यापेक्षा जास्त स्तुती करत नाही.

मग म्हणाला, लोण्यासारखा वास येतोय. मी म्हटलं, बार्लीचा माल्ट नवा आहे. तो म्हणाला, "कर्ट, नळी कधी धुतलीस?"

हे मला विचारतो! चीजच्या कारखान्यात धुलाई खातं माझ्याकडे आहे. रोज मैलभर पाइप माझ्या देखरेखीखाली धुतले जातात. दुधाची गोष्ट वेगळी, ते बिचारं स्वतःला सांभाळू शकत नाही. बिअर जिवंत असते, ती आपली काळजी घेते. हे त्याला शांतपणे समजावलं. तर म्हणतो, "कोंबडीही जिवंत असते. तरी खुराडं झाडावं लागतं."

हुकमाची तीन पानं असून हरलो. मन थाऱ्यावर नव्हतं.

बुधवार, २ जुलै

तोटीतून निम्मा ग्लास फेसच येतो. जिवंतपणाची खूण. तरी शुक्रवारी सुट्टी आहे, नळी धुऊन टाकतो. म्हणजे वर्लिनचं तोंड बंद.

शुक्रवार, ४ जुलै

स्वातंत्र्यदिन, देशाचा सण. आज काम करणं बरं दिसलं नसतं.

शनिवार, १२ जुलै

वाईट बातमी. डॉक्टरांनी वर्लिनची बिअर बंद केली. यकृत. सांगताना माझ्याकडे बघतही नव्हता बिचारा. रात्रभर पत्त्यांवर साधं पाणी पीत बसला. त्याच्याबद्दल मनात आणलेलं सगळं मागे घेतलं. आजपासून त्याच्या यकृतासाठी रोज जपमाळ.

शुक्रवार, १८ जुलै

मार्लाबरोबर गावातल्या खानावळीत मासे खायला गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर वर्लिन. पुढ्यात बिअरचा भरलेला जग, आणि सोबतीला कुणी नाही. म्हणजे पूर्ण जग त्याचाच.

मी जाऊन विचारलं, यकृत कसं आहे? म्हणाला, "शुक्रवारी जरा बरं असतं."

मासे ताटात तसेच राहिले. आठवडाभर गुडघे टेकून केलेला जप. तो परत घेण्याची काही सोय आहे का, फादरना विचारलं पाहिजे. मार्ला म्हणाली, "त्याला तुझं मन दुखवायचं नव्हतं." खोटं बोलून मन राखायचं, ही कुठली रीत?

रविवार, २७ जुलै

चर्चच्या पिकनिकची बैठक. दरवर्षी तिथे माझं एक पिंप असतं, माझ्याच फ्रीजसकट. माझ्या वडिलांना लोक बासरीमुळे ओळखायचे, मला त्या पिंपामुळे ओळखतात. दुसरं काही माझ्याकडे नाही, हे मला माहीत आहे.

वर्लिन उठला आणि म्हणाला, यंदा बिअर शहरातून आणू, कर्टला विश्रांती मिळेल. मी विश्रांती मागितली नव्हती. किती हात वर झाले! त्यात मार्लाचाही होता. कानातलं नीट करत होते, म्हणते.

शेवटी फादर म्हणाले, पिकनिकला पहिला ग्लास मी घेईन. चांगली लागली तर पिंप राहील, नाहीतर डब्यातली बिअर बर्फात तयार असेल. निदान एक माणूस माझ्या बाजूचा आहे.

शनिवार, १६ ऑगस्ट

उद्या पिकनिक. आज दुपारी नळी धुवायची, हे पक्कं केलं होतं. पण मार्ला म्हणाली, आधी पापकबुली देऊन ये, उद्या मोकळ्या मनाने उभा राहशील. पटलं.

फादरनी फार वेळ घेतला. माझी पापं दोन मिनिटांत संपली, पण संयम या विषयावर ते बोलतच राहिले. दोनदा घड्याळ पाहिलं त्यांनी. मग गर्वाबद्दलही बोलले. इतक्या आस्थेने मला कुणी कधी समजावलं नव्हतं. डोळे भरून आले.

घरी आलो तर अंगणात वर्लिनचा ट्रक. शिडी न्यायला आलो होतो म्हणाला आणि शिडी न घेता गेला. माणूस म्हातारा होत चाललाय. मार्लाच्या बाह्या भिजलेल्या. तळघरात कारखान्यासारखा वास. माझ्या शर्टाचा असणार.

स्टुलावर बसून निर्णय घेतला. धुणार नाही. आशीर्वादात ताकद असेल तर ती उद्या दिसेल. श्रद्धा म्हणजे हेच.

रविवार, १७ ऑगस्ट

दिसली!

फादरनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, सगळा ग्लास संपवला आणि पुन्हा पुढे केला. मग रांग लागली. सॉसेज संपायच्या आत पिंप रिकामं. डब्यांना कुणी हात लावला नाही. म्हातारी मिसेस क्लोट्झ म्हणाली, "अरे, ही तर चांगली आहे!" फार मोठ्याने म्हणाली.

मला राहवलं नाही. बाकावर चढून सगळ्यांना सांगितलं, की फादरनी आशीर्वाद दिल्यापासून ही नळी मी एकदाही धुतलेली नाही.

दोघातिघांनी ग्लास खाली ठेवले. वर्लिनला ठसका लागला. फादर ढगांकडे बघू लागले. भक्तीचा क्षण होता.

सोमवार, १८ ऑगस्ट

न्याहारीला मार्लाने सांगितलं. ती हसली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी तिने आणि वर्लिनने नळी धुतली. तोटी उघडून, ब्रश घालून. पाणी आधी काळं आलं, मग करडं, मग स्वच्छ. आणि मी परत येऊ नये म्हणून फादर संयमावर बोलत होते.

फादरसुद्धा.

मी म्हटलं, माझ्या घरात, माझ्या पाठीमागे? ती म्हणाली, "कर्ट, तुझी बिअर उत्तम आहे. कुणाला ती कधी मिळालीच नाही, एवढंच."

डबा उचलून कामावर गेलो. दिवसभर लोक पाइप धूत होते, मी बघत होतो.

गुरुवार, २१ ऑगस्ट

वर्लिनशी बोलत नाही. त्याने फोन करून विचारलं, शनिवारी पत्ते आहेत ना? मी म्हटलं, तुझ्या यकृताला विचार. तो म्हणाला, "ते म्हणतंय, आता कर्टकडे जायला हरकत नाही."

फोन ठेवून दिला.

शनिवार, २३ ऑगस्ट

नवं पिंप तयार आहे. खूप विचार केला. आपल्या नळीला दुसऱ्या कुणी आपल्या नकळत हात लावावा, हे यापुढे चालायचं नाही. त्याला एकच उपाय होता.

दुपारी खाली गेलो, बादली भरली, कॉस्टिक सोडलं, तोटी खोलली, ब्रश घातला. घाण निघाली असती तर निदान म्हणता आलं असतं, की ह्यांना धुताही आलं नाही. काहीच निघालं नाही. दिव्याखाली धरून पाहिलं. बहीणभावाने एक कण शिल्लक ठेवला नव्हता.

तरी धुतली.